पहिली करवत कोणती घ्यावी? आधी फळीकडे बघा, मग मशीनकडे

पुस्तकांसाठी तीन फुटी मांडणी करायची, एवढ्याच बेताने मी पहिलं मशीन घ्यायला निघाले होते. पेठेतल्या दुकानदाराने विचारलं, "ताई, काय कापायचंय?" मी म्हटलं, "लाकूड." त्याने मागच्या फळीवरून चार इंची मार्बल कटर काढला, त्यावर लाकडाचं पातं चढवून दिलं आणि वर म्हणाला, "सगळे सुतार हेच वापरतात."

त्यात खोटं काहीच नव्हतं. तुमच्या घरी फर्निचर झालं असेल तर सुताराच्या हातात तेच मशीन तुम्हीही पाहिलं असेल. मी ते दोन रविवार वापरलं. दुसऱ्या रविवारी अर्धवट कापलेली फळी मधोमध वाकली, चिरेत पातं आवळलं गेलं आणि मशीन उसळून माझ्या दिशेने आलं. बोटं वाचली. फरशीवर मात्र दोन इंचांची खाच पडली, तिच्यावर आता पायपुसणं असतं.

म्हणून सुरुवात "काय घेऊ नये" इथून करते. मार्बल कटर दगड आणि फरशी कापायला बनवलेला असतो. त्याचं पातं मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतं, आणि पात्यावरचं झाकण फक्त वरच्या बाजूला असतं. लाकडासाठीच्या सर्क्युलर सॉला, म्हणजे गोल पात्याच्या करवतीला, खालून आणखी एक स्प्रिंगचं झाकण असतं. कापताना ते आपोआप मागे सरतं आणि फळी संपली की पात्यावर परत येतं. कटरला ते नाही. बटण सोडल्यावर पातं काही क्षण फिरतच राहतं, आणि तेवढ्यात मशीन खाली ठेवलं तर ते फरशी, वायर किंवा मांडी, जे समोर येईल ते खातं. वीस वर्षं हात बसलेल्या सुताराला हे अंगवळणी पडलेलं असतं (आणि कित्येक सुतारांची बोटं मोजून पाहा, दहा भरत नाहीत). लाकडाचं पातं लावलेला ग्राइंडर तर याहून वाईट, त्याला फळीवर टेकणारी तळपट्टीही नसते. कोणी फुकट दिला तरी लाकडासाठी घेऊ नका.

वर्षभरात काय कापणार, ते लिहून काढा

दुकानात जाण्याआधी एका कागदावर पुढच्या वर्षभराची कामं लिहा. मनातल्या मनात नको, कारण मनात दिवाणापासून झोपाळ्यापर्यंत सगळं येतं. कागदावर बहुतेकांचं पाच-सहा ओळींत आटपतं: पुस्तकांची मांडणी, चपलांचा स्टँड, गणपतीची आरास, कुंड्यांसाठी पाट, स्वयंपाकघरातल्या कपाटाची एखादी फळी, मुलांच्या शाळेचा प्रोजेक्ट.

आता प्रत्येकापुढे माल आणि जाडी लिहा. इथे सुताराची भाषा शिकून घेतलेली बरी. एका इंचाचे आठ सूत. सुतार ज्याला "सहा सूत" किंवा "पाऊण इंची" प्लाय म्हणतो, तो दुकानात १८ किंवा १९ मिलिमीटर म्हणून मिळतो. चार सूत म्हणजे १२ मिलिमीटर. मांडणीच्या उभ्या-आडव्या फळ्या १८च्या, मागचा पातळ प्लाय ६चा, एवढ्यावर घरातलं बहुतेक काम भागतं. सगळी यादी जर इंचाच्या आतली असेल, तर फार दांडग्या मशीनची गरजच नाही. जुन्या वाड्याचे सागवानी वासे मिळालेत आणि त्यांचं बाक करायचंय असं असेल तर गोष्ट वेगळी.

यादीत आणखी एक खूण करा: कुठे सरळ कापायचंय आणि कुठे वळणदार. आरास, चौरंगाचे पाय, सिंकभोवतीची खाच, वायर जाण्यासाठीचं भोक ही सगळी वळणाची कामं. आणि सरळ कामांमध्ये लांब किती, आखूड किती? आठ फुटी चीर वर्षातून एकदा मारायची आणि एक फुटी चाळीसदा, हे कागदावर दिसलं की निवड अर्धी झालेली असते.

कुठे कापणार?

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि माझ्या मते यादीइतकाच तो महत्त्वाचा.

अख्खा प्लाय आठ बाय चार फुटांचा असतो, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. १८ मिलिमीटरचा एक तुकडा तीसेक किलोंचा. बऱ्याच सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये तो उभाही मावत नाही. चौथ्या मजल्यावर राहत असाल तर तो जिन्याने चढवणार कोण, आणि हॉलमध्ये आडवा टाकणार कुठे? म्हणून फ्लॅटवाल्यांनी मोठे तुकडे प्लायच्या दुकानातच कापून घ्यावेत. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी थोडे पैसे देऊन माणूस कापून देतो. काही दुकानांत त्यासाठी मोठं टेबलच असतं. मापं लिहून न्या आणि पात्याने खाल्लेला भाग हिशेबात धरा. २४४०मधून ६१०चे चार तुकडे कागदावर नेमके बसतात. प्रत्यक्षात तीन चिरांमध्ये दर वेळी दोनेक मिलिमीटर भुसा होतो, आणि चौथा तुकडा ६०४चाच उरतो. मांडणी डगमगते ती अशा सहा मिलिमीटरमुळे.

मोठी कापाकापी दुकानात झाली की घरी उरतं ते आखूड, आडवं आणि वळणाचं काम. तेवढ्यासाठी मशीनही लहान लागतं.

वीज पाहा. घरातला साधा पॉइंट ६ अँपिअरचा असतो, गिझर-मायक्रोवेव्हचा जाड तीन भोकांचा १६चा. ६०० वॅटचं जिगसॉ (खाली-वर हलणाऱ्या पात्याची छोटी करवत) २३० व्होल्टवर पावणेतीन अँपिअरसुद्धा घेत नाही, ते कुठेही चालतं. १४०० वॅटची सर्क्युलर सॉ सहाच्या वर जाते, आणि सुरू होताना क्षणभर त्याहून बरंच जास्त ओढते. तिला १६चा पॉइंट लागतो. मोबाइल चार्जिंगच्या एक्स्टेन्शन बोर्डावर ती लावली तर वायर गरम होते आणि मशीनला पुरेशी वीज न मिळाल्याने तेही तापतं. बाल्कनीपर्यंत वायर न्यायची असेल तर इलेक्ट्रिशियनकडून किमान दीड चौरस मिलिमीटर तांब्याची, लांब असेल तर अडीचची, बनवून घ्या.

याच ओघात एक सांगते, कारण हा प्रकार मी दोन घरांत पाहिला. न्यू जर्सीहून भाचा येताना सेलमधलं छान मशीन घेऊन येतो. अमेरिकेतलं मशीन १२० व्होल्टचं. आपल्या २३०वर लावलं की मोटर जळते, प्लगचा आकार बदलणारं अडॅप्टर लावून काही फरक पडत नाही. बॅटरीचं मशीन चालेल, पण त्याच्या चार्जरवर किती व्होल्ट लिहिलेत ते वाचल्याशिवाय तो खोचू नका.

आणि आवाज. सर्क्युलर सॉ शंभर डेसिबलच्या आसपास ओरडते. दुपारी एक ते चारमध्ये पुण्यात हा प्रयोग करून पाहायचा असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर.

मग घ्यायचं काय?

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि यादीत वळणाची, आखूड कामं जास्त असणाऱ्या नवशिक्याने पहिलं मशीन जिगसॉ घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत सगळ्यांना पटत नाही. "जिगसॉने सरळ कापता येत नाही" असं म्हणतात. पट्टी लावून येतं, त्याबद्दल पुढे.

जिगसॉचं पातं बोटभर लांबीचं, खाली-वर हलणारं. १९४०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये आल्बर्ट काउफमान यांनी शिलाई मशीनच्या सुईच्या जागी करवतीचं पातं बसवलं, तिथून हे मशीन आलं. घरी शिलाई मशीन चालवणाऱ्या कोणालाही ते पाच मिनिटांत उमजतं. मशीनचा पाय कापड दाबून धरतो तशी इथे तळपट्टी फळीवर दाबून धरायची. ती उचलली गेली की पातं फळीलाच धरून खडखडायला लागतं. वळण घेताना कापड ओढत नाही तसं इथेही मशीन ढकलायचं नाही, पात्याच्या वेगाने जाऊ द्यायचं.

घेताना तीन गोष्टी पाहते. वेग कमी-जास्त करायची सोय आहे का. पात्याला पुढे-मागे झुलवणारी कळ आहे का. तिच्यावर बहुधा शून्य ते तीन आकडे असतात, शून्यावर कड स्वच्छ येते आणि तीनवर काम भराभर होतं पण कड फाटते. तिसरी गोष्ट, टी आकाराच्या मुठीचं पातं बसतं का, कारण आपल्याकडे सहज मिळतात ती तीच पाती. वॅट ५०० ते ७०० पुरतात. साधं जिगसॉ दोन-अडीच हजारांपासून मिळतं, चांगलं चार-पाचमध्ये.

त्याची कमतरताही सांगायला हवी. दीड-दोन इंच जाड सागवानात बारीक पातं आत वाकतं. वरची रेषा सरळ दिसते आणि खालची तिरकी गेलेली असते. प्लायला हा त्रास फारसा होत नाही.

अंगण, गच्ची किंवा शेतावरची शेड आहे, अख्खे प्लाय स्वतःच कापायचेत, यादीत दिवाण आणि कपाटं आहेत, अशांनी सर्क्युलर सॉ घ्यावी. सव्वासात इंची, म्हणजे १८४-१८५ मिलिमीटर पात्याची. ती सरळ उभी साठ मिलिमीटरच्या वर खोल जाते, ४५ अंशांत कलती केली की चाळीस-पंचेचाळीसपर्यंत. खालचं झाकण हाताने मागे ओढून सोडून बघा: टक्कन परत आलं पाहिजे. अडखळत असेल तर ते मशीन घेऊ नका, सूट कितीही असो. किंमत साधारण चार ते आठ हजार.

बॅटरीची मशीन्स मोहात पाडतात. वायर नाही, गच्चीत नेता येतात. पण निम्मे पैसे बॅटरी आणि चार्जरचे असतात, आणि एकदा एका कंपनीची बॅटरी घेतली की पुढची सगळी मशीन्स त्याच कंपनीची घ्यावी लागतात. आधीच बॅटरीचं ड्रिल असेल तर त्याच बॅटरीवर चालणारी नुसती करवत मिळते का ते बघा, तो सौदा परवडतो. "१८ व्होल्ट" आणि "२० व्होल्ट मॅक्स" यात दुकानदार फरक सांगेल. दोन्हींत तेच पाच सेल असतात, एक आकडा चालू असतानाचा आणि दुसरा नुकतीच चार्ज केल्यावरचा.

मायटर सॉ, म्हणजे ठरलेल्या कोनात आडवं कापणारी करवत, फोटोफ्रेम आणि पट्ट्यांसाठी उत्तम, पण साध्या मायटर सॉमध्ये फूटभर रुंदीची फळी मावत नाही. टेबल सॉ पहिल्या वर्षी नको. चेन सॉ झाडांसाठी.

दुकानात

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी, तुमच्या गावात जी असेल ती हार्डवेअरची गल्ली. ऑनलाइन शे-दोनशे वाचतात, पण मशीन हातात धरून बघता येत नाही. पहिल्या मशीनसाठी मी दुकानातच जाईन.

पहिला प्रश्न किमतीचा नको. "दादा, याचे कार्बन आणि आर्मेचर इथे मिळतात का?" हा विचारा. आर्मेचर म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, आणि कार्बन म्हणजे मोटरमधले झिजणारे दोन छोटे ठोकळे. कार्बन बदलले की मशीन पुन्हा धावतं. मिळाले नाहीत तर दीडशे रुपयांच्या वस्तूपायी अख्खं मशीन भंगारात. ज्या ब्रँडचं नाव आजच ऐकलं आणि ज्याचा दुरुस्तीवाला शहरात नाही, तो निम्म्या किमतीतही महागच.

मग मशीन चालू करून बघायला मागा. हातात जड वाटतं का, बटण अंगठ्याला आणि बोटाला नीट पोचतं का, तळपट्टी ओतीव किंवा जाड पत्र्याची आहे की दाबल्यावर लवते. काटकोन तपासायचा गुण्या सोबत न्या. पातं तळपट्टीशी काटकोनात बसतं का ते तिथेच कळतं. दुकानदार हसेल. हसू द्या.

पाती: पैसे इथे घाला

मशीनसोबत जे पातं फुकट येतं ते बहुधा कामचलाऊ असतं. नवशिका त्याने प्लाय कापतो, कड फाटलेली बघतो आणि मशीनला नावं ठेवतो.

जिगसॉच्या पात्यांवर आकडे असतात. "टी १०१ बी" स्वच्छ कापण्यासाठी, "टी १४४ डी" भराभर ओबडधोबड कापण्यासाठी, "टी ११९ बीओ" अरुंद, वळणासाठी. सनमायका लावलेली फळी असेल तर "टी १०१ बीआर" मागा: त्या पात्याचे दात उलटे, म्हणजे खालच्या दिशेने कापणारे, त्यामुळे वरची बाजू फाटत नाही. पाच-पाचच्या पाकिटात मिळतात. पातं तापून काळं पडलं, लाकडातून जळका वास आला की फेका. बोथट पात्याने जोर लावून कापणं हे अपघातांचं एक मूळ.

सर्क्युलर सॉसाठी टीसीटी, म्हणजे टंगस्टन कार्बाइडच्या टोकांचं पातं. चोवीस दातांचं पातं लाकूड त्याच्या रेषांच्या (तंतूंच्या) दिशेने चिरायला, चाळीस दातांचं प्लायला, साठ दातांचं सनमायक्याला. एकच घ्यायचं तर चाळीस. मधल्या भोकाचं माप आणि पात्यावर लिहिलेला जास्तीत जास्त वेग मशीनशी जुळतोय का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

सरळ रेष पट्टीमुळे येते

हात कोणाचाच इतका सरळ चालत नाही. म्हणून पातं आणि तळपट्टीची कड यांतलं अंतर एकदा मोजून मशीनवरच मार्करने लिहून ठेवा. टाकाऊ तुकड्यावर एक चीर मारली की ते मिळतं. समजा ३८ मिलिमीटर निघालं. मग कापायच्या खुणेपासून ३८वर एक सरळ पट्टी दोन क्लॅम्पनी घट्ट बसवा आणि मशीन तिला टेकवून चालवा.

पट्टी कुठली? बाजारात महाग मिळतात. मी स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडून ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपचा चार फुटी उरलेला तुकडा आणला, पाच वर्षं तोच चाललाय. क्लॅम्प मात्र चार तरी घ्या. मशीनमध्ये हजार रुपये वाचवून क्लॅम्पमध्ये घातलेत तर काम जास्त चांगलं होतं.

उलट्या दातांचं पातं सोडलं तर दोन्ही मशीन्सचे दात खालून वर कापत येतात, म्हणून कड फाटते ती वरची. चांगली बाजू खाली ठेवा. खुणेवर कागदी टेप चिकटवून टेपवरूनच कापलं तर आणखी बरं. सर्क्युलर सॉचं पातं फळीखाली पाच-सहा मिलिमीटरच डोकावेल इतकंच उतरवा.

आणि फळी खालून नीट टेकलेली हवी. माझी वाकली होती ती दोन स्टुलांवर, मधे आधार नसताना. फ्रिजच्या खोक्यातला जाड थर्माकोल जमिनीवर पसरून त्यावर फळी ठेवा. सर्क्युलर सॉचं पातं थर्माकोलात थोडं शिरतं, बिघडत काही नाही. कापून होताच तुकडा मोकळा सुटायला हवा, पातं चिमटलं जायला नको.

अंगावर काय, घरात काय

चष्मा, कानात बोळे, एन-९५ मास्क. लाकडाचा भुसा निरुपद्रवी वाटतो, पण जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगविषयक संस्था त्याला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरते. एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा लगदा गोंदाने दाबून केलेल्या फळीचा, भुसा तर पिठासारखा बारीक असतो आणि घरभर बसतो. ओढणी, मोकळे केस, बांगड्या, लांब मंगळसूत्र, सैल बाही हे फिरत्या पात्याजवळ नको. हातमोजेही नको, दात बोटाऐवजी मोजा पकडतो आणि मोज्यासकट हात ओढतो.

पातं बदलताना प्लग भिंतीतून काढायचा. नुसतं बटण बंद करून नाही, काढायचा. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का तेही बघून घ्या. जुन्या इमारतींत बहुधा नसतो.

पावसाळ्यात पाती गंजतात. तेलाचं फडकं फिरवून डब्यात ठेवा. कोकणात राहत असाल तर मशीनही गोणपाटात नको, झाकणाच्या पेटीत.

पहिला रविवार

मांडणीची फळी पहिल्या दिवशी कापू नका. प्लायच्या दुकानाबाहेर उरलेले तुकडे किलोवर मिळतात, ते आणा. एका तुकड्यावर पेन्सिलीने एकेक इंचावर दहा आडव्या रेघा मारा. पहिल्या पाच मोकळ्या हाताने कापा, पुढच्या पाच पट्टी लावून. प्रत्येक चीर रेघ पूर्ण खाते, अर्धी ठेवते की बाजूने जाते, ते तिथेच लिहा. आपला हात कुठल्या बाजूला ओढतो हे त्यातून कळतं, माझा डावीकडे. मग प्रत्येक कडेला गुण्या लावा, वरूनही आणि जाडीतूनही. उजेडाकडे धरल्यावर गुण्या आणि लाकूड यांच्यामधून प्रकाश दिसतोय तोवर आणखी एक तुकडा घ्या.

संध्याकाळी भुसा झाडून कुंडीत टाकायचा मोह होईल. प्लाय आणि एमडीएफच्या भुशात गोंद असतो, तो कचऱ्यातच जाऊ द्या.